अर्धा सूर खाली

गिटार मला वाजवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे तुमची निराशा नको. वर्धेत स्टेशनकडून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझं दुकान आहे. रुंदी एवढीच, की दोन गिऱ्हाइकं एकदम आली तर एकाने बाहेरच्या बाकावर बसावं. तिथे मी तीसेक वर्षं वाद्यांचं सामान विकतो आणि दुरुस्त्या करतो. पण कोणी ‘वाजवून दाखवा’ म्हटलं की मी चहा मागवतो. दिवाळी अंकवाल्यांनी मला लिहायला सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, ‘‘वाजवता येत नाई अन् लिवता येते काय?’’ तिचं म्हणणं बरोबर होतं. तरी लिहितो आहे.

माझे वडील सिंदी रेल्वे नावाच्या गावात सुतारकाम करायचे. गावातल्या भजनी मंडळाची पेटी बिघडली आणि नागपूरला न्यायला कोणी तयार होईना, म्हणून त्यांनी ती उघडली आणि दुरुस्त केली. तेव्हापासून आमच्या घरात बैलगाडीचं चाक आणि हार्मोनियम शेजारी शेजारी पडलेले असायचे. मी हात चालवायला शिकलो तो पेटीवर. गिटारी फार नंतर आल्या. मोबाइल आले आणि पोरापोरींना घरबसल्या शिकता यायला लागलं, तेव्हा पेट्यांचं काम आटलं आणि माझ्या खिळ्यांवर तारांची पाकिटं लटकू लागली.

महागडी गिटार घेणारा माझ्याकडे येत नाही, तो नागपूर गाठतो. माझ्याकडे येतो तो गिटार कशीबशी घेऊन झालेला माणूस. त्याला हवी असते स्वस्तातली तार, स्वस्तातला पट्टा, आणि ज्याला पोरं पिक म्हणतात ती छेडायची नखी. माझा नियम असा, की वस्तू स्वस्त असेल तर चालेल, पण खोटी नको. नवी गिटार घ्यायला आलेल्या कितीतरी जणांना मी जुन्याच गिटारीला नवीन तारा चढवून परत पाठवलं आहे. तार हे गिटारीचं जेवण आहे. वर्षभर तीच शिळी तार ठेवायची आणि म्हणायचं, आवाज येत नाही!

गिऱ्हाइकं एकेक नग असतात. एकाने गिटारीला धक्का लागू नये म्हणून ती घरातल्या कापसाच्या ढिगात पुरून ठेवली. दोन महिन्यांनी घेऊन आला, म्हणे आवाज दबला आहे. मी गिटार उलटी करून हलवली तर आतून मूठ मूठ कापूस पडला आणि मागोमाग उंदराची चार पिल्लं. गिटारीत बाळंतपण उरकलं होतं. तो माणूस शांतपणे म्हणाला, ‘‘तरी मी म्हणो, रात्री आपोआप कशी वाजते!’’

पण मला सांगायचं आहे ते एका शब्दाबद्दल. तो शब्द म्हणजे ‘पट्टी’.

आमच्याकडे गाणारा माणूस दुकानात आला की ‘पट्टी’ हा शब्द येतोच. ज्याला गाण्याचं काही कळत नाही त्याच्यासाठी सांगतो. प्रत्येक गळ्याची एक सोयीची उंची असते. पेटीवरच्या ज्या पट्टीला ‘सा’ धरून तो गळा मोकळा गातो, ती त्याची पट्टी. पेटीवर पांढऱ्या सात आणि काळ्या पाच, म्हणून कोणी ‘काळी दोन’चा, तर कोणी ‘पांढरी पाच’चा. गाणाऱ्या लोकांत हा मानाचा प्रश्न असतो. जितकी पट्टी वरची तितकी मान ताठ. वय झालं, गळा खाली आला, तरी ‘माझी पट्टी उतरली’ असं कोणी चारचौघांत म्हणत नाही. दात पडले हे सांगतील, पट्टी उतरली हे सांगणार नाहीत.

गिटारीच्या सामानातही पट्टी शिरलीच. काही वर्षांपूर्वी समुद्रपूरच्या भजनी मंडळाचा एक म्होरक्या आला आणि ‘‘गिटारीची पट्टी द्या’’ म्हणाला. मी त्याला खांद्यावर अडकवायचा पट्टा बांधून दिला. दुसऱ्या दिवशी तो बस बदलून परत आला आणि पट्टा माझ्यासमोर धरून म्हणाला, ‘‘मिस्त्री, मंडळाची पट्टी बदलाची होती. हे तं झोला टांगाचं हाय. मी काय गोऱ्हा बांधू यानं?’’ बाकावरची माणसं हसली. त्याला हवा होता कॅपो. कॅपो म्हणजे कपडे वाळत घालायच्या चिमट्याचा थोरला भाऊ. गिटारीच्या दांड्यावर जी घरं पाडलेली असतात, त्यातल्या एका घरात तो लावला की सगळ्या तारा तिथे दाबल्या जातात आणि बोटं न बदलता पट्टी बदलते. त्या दिवसापासून मी मनाशी खूणगाठ बांधली, की कोणी ‘पट्टी’ म्हटलं की हात पट्ट्याकडे न्यायचा नाही, चिमट्याकडे न्यायचा.

शहाणपण असं असतं. एकदा ठेच लागली की माणूस तो दगड लक्षात ठेवतो आणि पुढच्या खड्ड्यात पडतो.

त्या खड्ड्याच्या आधी देवळीच्या गुरुजींबद्दल सांगायला हवं. पुंडलिक गुरुजी, शाळेतून निवृत्त झालेले, शिडशिडीत, बोलणं कमी. सात-आठ वर्षांपूर्वी ते आपली पेटी घेऊन आले. मी भाता मारून पाहिला. पेटी इतकी सुरेल होती की मला हेवा वाटला. म्हटलं, ‘‘हिचं काय करू जी?’’

‘‘मी पांढरी पाचमधी वाजवतो. सगळी पेटी अर्ध्या सुरानं उतरवून द्या.’’

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. पेटीच्या आत प्रत्येक सुराची एक पितळी जीभ असते. सूर चढवायचा तर ती टोकाशी घासायची आणि उतरवायचा तर बुडाशी. त्या पेटीत सत्तरच्या वर जिभा होत्या. म्हटलं, ‘‘गुरुजी, एवढ्या चांगल्या पेटीले कानस लावता? अर्धा सूर खाली पाह्यजे तं पांढरी पाच सोडा, तिच्या बाजूची काळी तीन धरून वाजवा. काम फुकटात होते.’’

‘‘बोटं पांढरी पाचवरच राह्यली पाह्यजे,’’ गुरुजी म्हणाले.

‘‘पण काऊन?’’

‘‘करून द्या, मिस्त्री. इचारू नका.’’

मला वाटलं म्हातारपणी बोटांना नवी सवय लावायचा कंटाळा. आठ दिवस मी एकेक जीभ घासत बसलो आणि मनातल्या मनात त्यांना नावं ठेवली. आमच्या धंद्यात दुरुस्ती केली की पेटीच्या आत पेन्सिलीने टिपून ठेवतात, पुढच्या मिस्त्रीला कळावं म्हणून. मी लिहिलं: ‘अर्धा सूर खाली. ग्राहकाच्या हट्टापायी.’ उद्या कोणी पेटी उघडली तर ही बेसूर करामत माझ्या माथी नको, एवढाच हेतू. गुरुजींनी पेटी नेली आणि पुन्हा कधी आले नाहीत.

आता प्रज्ञा. ही देवळीकडची पोरगी, खेड्यातल्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. मोबाइलवर पाहून गिटार शिकली होती, तारा माझ्याकडून न्यायची. या उन्हाळ्यात एकदा सकाळी घाईघाईत आली. मी एका गिटारीचा उखडलेला ब्रिज, म्हणजे तारा अडकवायची लाकडी पट्टी, डिंक लावून दाबत होतो. आमच्या मे महिन्यात गिटारीचा डिंकसुद्धा माणसासारखाच वितळतो.

‘‘काका, आईचा आवाज पट्टीत बसून नाई राह्यला. पट्टी बदलाची हाय. काही मिळते काय?’’

पट्टी म्हणताच माझा हात खिळ्याकडे गेला. ‘‘हा चिमटा ने. दुसऱ्या घरात लाव. पाह्यजो, आईचा गळा कसा मोकळा होते.’’

‘‘नक्की ना काका? संध्याकाळीच नामकरणात गाणं हाय तिचं.’’

‘‘तीस वर्सं झाले मले या धंद्यात,’’ मी म्हणालो. वाक्य तोंडातून गेलं की परत येत नाही, नाहीतर हे मी नक्की परत घेतलं असतं.

चार दिवसांनी ती आली आणि चिमटा माझ्यासमोर टेबलावर ठेवला. आपटला नाही, नुसता ठेवला.

‘‘काऊन, स्प्रिंग ढिली निंघाली काय?’’

‘‘स्प्रिंग मस्त हाय काका. आईचा गळा फाटला.’’

मग तिने सांगितलं. नामकरणाला पन्नास-साठ माणसं बसली होती. तिने चिमटा लावून सूर दिला, आईने तो धरला आणि अंतऱ्याला जाताना आवाज चिरकून तुटला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तुटला. आईने माइक खाली ठेवला आणि बायकांत जाऊन बसली.

‘‘बुद्ध पौर्णिमेले विहारात पह्यलं गाणं आईचंच राह्यते. चाळीस वर्सं झाले, एक साल चुकलं नाई. आता मंडळाच्या बायका म्हणतेत दुसऱ्या कोणाले देऊ, अन् आईनं बी हो म्हणून देल्लं. घरात गुणगुणतबी नाई थे आता. काका, तुम्ही एकडाव इचारलं काऊन नाई, वर न्याची हाय का खाली?’’

चिमटा तार आखूड करतो आणि आखूड तार वरच बोलते. चिमटा सूर चढवतो, कधीच उतरवत नाही. उतरवायचं तर ताराच ढिल्या कराव्या लागतात. मुरलेला वादक बोटांच्या निराळ्या जागा, पोरं ज्यांना कॉर्ड म्हणतात त्या, धरून, वर चिमटा लावून खालची पट्टी साधतो, पण प्रज्ञाला येत होत्या मोजून पाच जागा, त्याही पांढरी पाचच्या. हे सगळं मला पाठ होतं. विचारायचं तेवढं राहून गेलं. दमलेल्या बाईला मी आणखी वरचा जिना दाखवला होता. मला लाज वाटली, आणि ती अजून पुरती गेलेली नाही.

‘‘पौर्णिमा कधी?’’

‘‘पुढच्या हप्त्यात.’’

‘‘उद्या येतो मी घरी.’’

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लावून मी देवळीच्या बसमध्ये बसलो. पिशवीत जाड तारांचा संच, बारीक कानशी आणि सूर दाखवणारा चिमुकला ट्यूनर. घर बसस्टॉपपासून जवळच होतं. ओसरीवर प्रज्ञाची आई, शांताबाई, सुपात तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मला पाहिलं आणि हसल्या.

‘‘या मिस्त्री. पोरीनं उगाच तकलीफ देल्ली तुमाले. गळ्याले काय तार बसवता येते?’’

म्हटलं, ‘‘बाई, एक ओळ म्हणून दाखवा. तुमचा सूर कोठी बसते तेवढं मले समजू द्या.’’

‘‘नाई जी. थे गेले, अन् आवाजबी घेऊन गेले.’’

‘थे’ म्हणजे कोण, ते आत गेल्यावर कळलं. भिंतीवर पुंडलिक गुरुजींचा फोटो होता. जाऊन वर्ष होत आलं होतं. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली फळीवर विणलेला रुमाल घातलेली ती पेटी होती. प्रज्ञा गुरुजींची मुलगी हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं. मी पेटीकडे हात केला.

‘‘थे कायले उघडता?’’ शांताबाई ओसरीवरून म्हणाल्या. ‘‘बंदच राहू द्या ना.’’

पण प्रज्ञाने पेटी खाली काढली होती. मी वरची फळी उचलली. आत माझंच अक्षर: ‘अर्धा सूर खाली. ग्राहकाच्या हट्टापायी.’ मी त्यावर पंजा ठेवला आणि भाता मारून पांढरी पाच दाबली. ट्यूनरच्या काचेवर काळी तीन उमटली.

गुरुजी जाईपर्यंतची सहा-सात वर्षं ही बाई काळी तीनमध्ये गात होती. गळा वयाने उतरला, आणि तिला ते कळू नये म्हणून नवऱ्याने अख्खी पेटीच उतरवून आणली. बोटं पांढरी पाचवर, पाहणाऱ्याला पांढरी पाच, गाणारीलाही पांढरी पाच. मग तो गेला, पेटी बंद झाली, आणि पोरीची गिटार आली. ती मोबाइलवर पाहून अगदी काटेकोर लावलेली, खरी पांढरी पाच. त्या खरेपणानेच गळा अडला होता. आणि त्यावर मी माझा चिमटा चढवला होता. गुरुजींना ठेवलेली सगळी नावं मला एकेक करून आठवली.

प्रज्ञाला मागच्या अंगणात नेलं. म्हटलं, ‘‘तारा अर्धा सूर उतरवतो. बोटं तू जिथं ठेवतं तिथंच ठेवजो. आईले काही बोलजो नको.’’

‘‘पण काका, अर्धाच काऊन? तुमाले कसं समजलं?’’

‘‘पेटीवरून. जुनी पेटी आपोआप उतरत जाते,’’ मी म्हणालो. धंद्यात मी फार खोटं बोललेलो नाही, पण हे बोललो.

बारीक तार ढिली केली की भणभणते, म्हणून जाड तारा घातल्या. जाड तार दांड्याच्या टोकाच्या खाचेत बसेना, म्हणून सहाही खाचा कानशीने जरा जरा रुंद केल्या. मोबाइलवरचं ट्यूनर अर्ध्या सुराने खाली कसं लावायचं ते प्रज्ञाला दाखवलं. चिमटा लावला असता तर तो साऱ्या गावाला दिसला असता. ढिली तार कोणाला दिसत नाही.

ऊन उतरल्यावर प्रज्ञा ओसरीवर बसली आणि तिने पहिली जागा धरून छेडलं. शांताबाईंचे हात सुपात थांबले. त्यांनी मुलीच्या बोटांकडे पाहिलं.

‘‘पांढरी पाच?’’

‘‘पांढरी पाच,’’ प्रज्ञा म्हणाली.

मी समोरच्या घराच्या टिनांकडे पाहत राहिलो. शांताबाईंनी आधी नुसता सूर धरला, मग एक ओळ, मग अंतरा. कुठेही अडलं नाही. आवाज थोडा थकलेला होता, पण तुटला नाही. गाणं संपल्यावर त्यांनी सूप पुन्हा जवळ ओढलं आणि म्हणाल्या, ‘‘मंडळाच्या बायकाइले सांगजो वो प्रज्ञा. अन् मिस्त्री, पौर्णिमेले तुम्ही येजा.’’

मी गेलो. विहारात पांढऱ्या साड्यांच्या रांगा, दाराशी चपलांचा ढीग. वंदना झाली आणि पहिलं गाणं शांताबाईंनी म्हटलं. मागे बसलेला एक म्हातारा शेजाऱ्याला म्हणाला, ‘‘या वयात बी पांढरी पाच, बाप्पा!’’ मला एवढा अभिमान स्वतःच्या कुठल्याच कामाचा वाटलेला नाही, आणि तो कोणाला सांगताही येत नव्हता.

नंतर खिरीच्या पंगतीत शांताबाई स्वतः वाढायला आल्या. माझ्या वाटीत खीर घातली आणि पळी घेऊन तिथेच टेकल्या. प्रज्ञा लांब बायकांत उभी होती.

‘‘मिस्त्री, गिटार उतरोली नं तुम्ही?’’

खोटं बोलणार होतो, जमलं नाही.

‘‘पेटी घरी आली त्याच दिवशी समजलं होतं मले,’’ त्या हळूच म्हणाल्या. ‘‘सूर धरला अन् गळा आपसूक बसला. ज्या पेटीवर उमर गेली, थे अर्ध्या सुरानं खाली आली तं मले नाई समजत? मंग एक दिवस उघडून पाह्यली, तं तुमचं लिवलेलं दिसलं. हट्ट, म्हणे.’’

‘‘मंग पोरीले काऊन नाई सांगतलं, बाई? एवढ्या लोकांत गळा फाटू देल्ला...’’

‘‘सांगतलं असतं तं गुरुजीचं उघडं पडलं असतं. लोक म्हणले असते, मास्तर खोटी पेटी वाजवत होता. माहा गळा फाटला तं फाटू दे.’’ त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं. ‘‘थ्यायले वाटे, मले समजलंच नाई. आता हिले बी तसंच वाटते.’’

त्यांनी पळी पुन्हा भरली.

‘‘वाटू द्या. खीर घ्या आणखी.’’

मी वाटी पुढे केली.